कुलपतीपद आणि एतद्देशीय शिक्षक : भांडारकर ते पावटे

प्रास्ताविक

धारवाडचा सुभाष रोड ही बाजारपेठ. कापड, भांडी, वह्या-पुस्तके यांच्या दुकानांच्या या रस्त्यावरच मनोहर ग्रंथमालेचा तो प्रसिद्ध माळा आहे. जी. बी. जोशी यांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकाशनसंस्थेच्या माळ्यावर आधुनिक कन्नड साहित्यातील अनेक नामवंतांची उठबस होती. कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषा कानावर पडाव्यात असे हे गाव. अशा गावात एकच शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी वावरतो आणि वाचकाचा गोंधळ उडवतो. 'कुलपती' हा असाच एक शब्द होय.

मराठी वाचक 'कुलपती' म्हणजे चॅन्सलर आणि 'कुलगुरू' म्हणजे व्हाइस चॅन्सलर असे समजतो. कन्नड वर्तमानपत्रात मात्र 'कुलपती' म्हणजे व्हाइस चॅन्सलर असतो. चॅन्सलरला तेथे 'कुलाधिपती' म्हणतात. हिंदीतही हीच प्रथा आहे. उर्दूने तिसरा मार्ग काढला. दिल्लीच्या जामिआ मिल्लियात चॅन्सलरला 'अमीर-ए-जामिआ' आणि व्हाइस चॅन्सलरला 'शेख-उल-जामिआ' म्हणण्याची परंपरा आहे. अमीर म्हणजे सत्ताधारी, नेता. शेख म्हणजे वडीलधारा, गुरू. दोन पदांतील फरक या शब्दांत स्वच्छ दिसतो.

संस्कृत परंपरेत कुलपती हा राजा नव्हता. दहा हजार शिष्यांचे अन्नवस्त्र पाहून त्यांना शिकविणारा ऋषी म्हणजे कुलपती, अशी त्याची जुनी व्याख्या आहे. म्हणजे शब्द शिक्षकाचा. पण आधुनिक भारतात त्या नावाच्या खुर्चीवर बसला तो राज्यकर्ता. या खुर्चीपर्यंत येथला शिक्षक केव्हा व कसा पोहोचला, आणि तेथे बसून त्याला काय करता आले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. कुलपतीपदी राज्यपाल असावा की शिक्षणतज्ज्ञ, यावर गेल्या काही वर्षांत अनेक विधानसभांत विधेयके संमत झाली आहेत. महाविद्यालयीन शिक्षकांशी त्याचा थेट संबंध आहे.

१८५७ ची व्यवस्था

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठाचा नमुना डोळ्यांपुढे असल्यामुळे त्यांचे काम परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच होते. शिकविण्याचे काम महाविद्यालयांकडे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या कायद्याने इलाख्याचा गव्हर्नर हाच पदसिद्ध कुलपती ठरला. पहिले कुलपती लॉर्ड एल्फिन्स्टन, तर पहिले कुलगुरू मुख्य न्यायाधीश सर विल्यम यार्डली. म्हणजे वरची खुर्ची राज्यकर्त्याची आणि खालची न्यायाधीशाची. शिक्षकाला दोन्ही ठिकाणी जागा नव्हती.

या रचनेमागे एक हेतू होता. पदवी ही सरकारी नोकरीची किल्ली होती आणि त्या पदवीवर सरकारचा विश्वास आहे हे दाखविण्यासाठी गव्हर्नरचे नाव आवश्यक होते. पदवीदान समारंभात गव्हर्नर अध्यक्षस्थानी बसे, तेव्हा तो विद्येचा नव्हे तर राजसत्तेचा शिक्का घेऊन बसे. पुढे संस्थानिकांच्या विद्यापीठांत हीच पद्धत चालली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा महाराजा चौथे कृष्णराज वाडियार कुलपती झाले; नव्या बनारस हिंदू विद्यापीठाचे पहिले कुलपतीही तेच होते. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूला उच्च शिक्षणाचे माध्यम करून मोठी क्रांती केली. पण तेही निजामाच्या फर्मानातूनच जन्मले.

भांडारकर : नाकारलेली खुर्ची आणि मिळालेली खुर्ची

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ चा, मालवणचा. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर तेही होते. सिंधमधील हैदराबाद व रत्नागिरी येथे त्यांनी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. योग्यता सिद्ध होऊनही कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये ती पीटर पीटरसन या इंग्रज विद्वानास मिळाली आणि भांडारकरांना दुय्यम स्थानी राहावे लागले. संस्कृत ज्याच्या घरची विद्या, त्याला संस्कृतच्या खुर्चीसाठी थांबावे लागले. पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात कीलहॉर्न यांच्या निवृत्तीनंतर त्यांना प्राध्यापकपद मिळाले. १८९३ मध्ये, काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या पश्चात, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेलंग हे त्या पदावरील पहिले भारतीय. पण ते न्यायाधीश होते. आयुष्यभर वर्गात उभा राहिलेला भारतीय शिक्षक या पदावर आला तो भांडारकरांच्या रूपाने.

तरीही कुलपतीपद गव्हर्नरकडेच होते. ते भांडारकरांना मिळाले १९१६ मध्ये, तेही सरकारी व्यवस्थेबाहेर. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती अमलात आणली. मातृभाषा हे माध्यम आणि इंग्रजी हा आवश्यक विषय, अशी त्याची योजना होती. पदवीचे नावही देशी ठेवले : 'गृहीतागमा'. या विद्यापीठाचे पहिले कुलपती भांडारकर झाले व कुलगुरू फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. या विद्यापीठाला सरकारी सनद नव्हती. त्याच्या पदवीवर नोकरी मिळेल याची शाश्वती नव्हती. मुलीला शिकवावे की नाही अशा संभ्रमात असलेल्या बापाने आपली मुलगी हिंगण्यास पाठवावी ती कशाच्या भरवशावर? उत्तर एकच : माणसांच्या. भांडारकर त्या वेळी जवळजवळ ऐंशी वर्षांचे होते. त्यांची विद्वत्ता युरोपने मान्य केली होती, सरकारने 'सर' किताब दिला होता, आणि मुख्य म्हणजे आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून समाजाचा रोष त्यांनी स्वतः पत्करला होता. शास्त्री मंडळी त्यांना अशास्त्रीय म्हणू शकत नव्हती आणि सुधारक त्यांना बोलका सुधारक म्हणू शकत नव्हते. जेथे कायद्याची सनद नव्हती तेथे एका शिक्षकाचे नाव हीच सनद झाली. शोभेच्या पदाचे खरे कार्य काय, हे यावरून कळते. कुलपती रोजचा कारभार पाहत नाही. तो संस्थेला आपली पत उसनी देतो.

पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीने विद्यापीठाला आर्थिक बळ आले, १९३६ मध्ये ते मुंबईस गेले आणि स्वातंत्र्यानंतर त्याला कायदेशीर मान्यता मिळाली. आज त्याचे कुलपती राज्यपाल असतात. सनद आली आणि शिक्षकाची खुर्ची पुन्हा राजभवनाकडे गेली. मान्यतेची ही किंमत होती असे म्हणावे लागेल.

अलीगढ आणि जामिआ

मुस्लिम शिक्षणाच्या इतिहासात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आला. १९२० मध्ये अलीगढच्या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. त्याच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम. त्या राज्यकर्त्या होत्याच, पण मुलींच्या शिक्षणासाठी आपल्या संस्थानात शाळा काढणाऱ्याही होत्या. जेथे त्या वेळी मुलींचा प्रवेश हाच वादाचा विषय होता, तेथे सर्वोच्च मानाच्या पदावर स्त्री बसली ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, असहकाराच्या लाटेत, अलीगढमध्येच जामिआ मिल्लिया इस्लामियाचा पाया घातला गेला. तिचे पहिले अमीर हकीम अजमल खान हे युनानी वैद्यकाचे आचार्य होते आणि दिल्लीत आयुर्वेद व युनानी शिकविणाऱ्या महाविद्यालयाचे संस्थापक होते. देशी विद्येच्या शिक्षकाला विद्यापीठाचे प्रमुखपद मिळण्याचे हे दुसरे ठळक उदाहरण होय. जामिआलाही सरकारी सनद नव्हती. खिलाफत चळवळ ओसरल्यावर पैशाचा ओघ आटला तेव्हा हकीमसाहेबांनी स्वतःच्या कमाईतून संस्था चालवली, आणि १९२५ मध्ये ती दिल्लीस आणली. भांडारकरांनी नाव दिले. अजमल खानांनी नावाबरोबर खिसाही रिकामा केला.

जामिआच्या स्थापनेत विद्यार्थी म्हणून सहभागी झालेले झाकिर हुसैन १९२६ पासून १९४८ पर्यंत तिचे शेख-उल-जामिआ होते. पुढे अलीगढचे कुलगुरूपद, १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपालपद व त्या नात्याने तेथील विद्यापीठांचे कुलपतीपद, आणि १९६३ पासून जामिआचे अमीरपद, अशी त्यांची वाटचाल झाली. तुटपुंज्या पगारावर वर्ग घेणारा शिक्षक कुलपतीच्या आसनावर बसला. या घराण्याचा एक धागा धारवाडपर्यंतही येतो. झाकिर हुसैन यांचे जावई खुर्शीद आलम खान १९९१ ते १९९९ कर्नाटकाचे राज्यपाल होते. म्हणून ते कर्नाटक विद्यापीठाचेही कुलपती होते.

धारवाड : विद्यापीठ आणि त्याचे कुलपती

धारवाड मुंबई इलाख्यात होते. १९१७ मध्ये कर्नाटक महाविद्यालय निघेपर्यंत या भागातील मुलांना पदवीसाठी पुणे-मुंबईची वाट धरावी लागे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यावर्धक संघाने भाषा व शिक्षण यांसाठी जागृती केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पुणे, गुजरात व कर्नाटक यांसाठी स्वतंत्र विद्यापीठांचे कायदे केले. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १९५० मध्ये धारवाडला आले. बेळगाव जिल्ह्यातील महाविद्यालयेही त्याच्याशी जोडलेली होती. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ होईपर्यंत बेळगावच्या मराठी विद्यार्थ्यांच्या पदवीवर धारवाडचाच शिक्का असे.

१९५४ मध्ये दादासाहेब चिंतामणी पावटे कुलगुरू झाले. त्यांचा जन्म १८९९ चा, गोकाक तालुक्यातील ममदापूरचा. कर्नाटक महाविद्यालयात शिकून ते केंब्रिजला गेले, गणितात रँग्लर झाले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकवले आणि नंतर मुंबई सरकारच्या शिक्षण खात्यात शिक्षण संचालकपदापर्यंत चढले. कुलगुरूपदावर ते १९६७ पर्यंत, म्हणजे तब्बल तेरा वर्षे राहिले. शहराबाहेरील छोटा महाबळेश्वर टेकडीवर विद्यापीठाची वसाहत उभी राहिली ती याच काळात. आज त्या परिसराच्या टपालाच्या पत्त्यात 'पावटेनगर' असे लिहिले जाते.

या तेरा वर्षांत पावटे यांच्या वर कुलपती म्हणून कोण कोण आले ते पाहण्यासारखे आहे. आरंभी मुंबईचे राज्यपाल गिरिजाशंकर बाजपेयी, मुत्सद्दी. मग हरेकृष्ण महताब, राजकारणी. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि धारवाड म्हैसूर राज्यात गेले. त्याबरोबर कुलपतीही बदलले : जयचामराज वाडियार, पूर्वीचे महाराज, त्यांच्यानंतर जनरल श्रीनागेश, सेनानी, मग व्ही. व्ही. गिरी, कामगार नेते. आणि १९६७ मध्ये गोपाळ स्वरूप पाठक, कायदेपंडित. सारी माणसे मोठी. वाडियारांसारखे काही स्वतः व्यासंगी. पण यांतील कोणाचाही व्यवसाय शिक्षकाचा नव्हता. राज्याची सीमा बदलली की विद्यापीठाचा कुलपती बदलला, कारण कुलपती विद्यापीठाचा नव्हता, राज्याचा होता.

पंजाबातील कुलपती

ऑक्टोबर १९६७ मध्ये पावटे पंजाबचे राज्यपाल झाले आणि मे १९७३ पर्यंत त्या पदावर राहिले. तेरा वर्षे कुलपतीपुढे टिपणे ठेवणारा कुलगुरू आता स्वतः कुलपती झाला. चंदीगढच्या पंजाब विद्यापीठाचे कुलपतीपद उपराष्ट्रपतींकडे गेले होते; परंतु पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ आणि १९६९ मध्ये अमृतसरला स्थापन झालेले गुरु नानक विद्यापीठ यांचे कुलपती पंजाबचे राज्यपाल. २४ नोव्हेंबर १९६९ रोजी, गुरु नानकांच्या पाचशेव्या जयंतीवर्षात, अमृतसर विद्यापीठाची कोनशिला बसवली ती राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी. दोन वर्षांपूर्वी जे धारवाडात पावटे यांचे कुलपती होते, तेच राष्ट्रपती म्हणून त्यांच्या विद्यापीठाची कोनशिला बसवीत होते.

दोन्ही विद्यापीठांचा गाभा भाषा व संस्कृतीच्या अस्मितेशी जोडलेला होता. पंजाबी विद्यापीठाच्या तर नावातच भाषा होती. कन्नड भाषिकांच्या आकांक्षेतून जन्मलेले विद्यापीठ ज्याने उभे केले, त्याला या गोष्टीचे मोल परके नव्हते. परंतु त्यांचे पंजाबातील दिवस मुख्यतः राजकारणाने व्यापले. १९६८-६९ व १९७१-७२ असे दोनदा तेथे राष्ट्रपती राजवट आली. १९६८ मध्ये विधानसभा संस्थगित करण्यावरून उद्भवलेला पेच तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व न्यायालयाने राज्यपालांची कृती वैध ठरवली. अशा धामधुमीत कुलपतीची भूमिका मागे पडणे स्वाभाविक होते. निवृत्तीनंतर त्यांनी 'माय डेज ॲज गव्हर्नर' लिहिले. शिक्षण प्रशासक म्हणून आलेल्या अनुभवांवर त्यांचे स्वतंत्र आत्मकथन आहेच. एका माणसाच्या आयुष्याची ही दोन पुस्तके वेगवेगळी असावीत, यातच राज्यपाल-कुलपती या जोडपदाची अडचण दिसते. राज्यपालपदाचे ओझे शिक्षकाला कुलपती म्हणून पूर्णपणे उभे राहू देत नाही. पावटे यांचे नाव आज लावले जाते ते त्यांनी कुलगुरू म्हणून घडविलेल्या टेकडीला.

'एतद्देशीय' चा दुसरा अर्थ

इंग्रजी अमदानीत 'एतद्देशीय' म्हणजे गोऱ्यांहून वेगळा, असा अर्थ होता. स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला : एतद्देशीयांतही ज्यांना शाळेचे दार सर्वांत शेवटी उघडले, त्यांचे काय? आदिवासी समाजातील राम दयाल मुंडा यांनी अमेरिकेतील अध्यापन सोडून रांचीला आदिवासी भाषांचा विभाग उभारला आणि १९८० च्या दशकात ते रांची विद्यापीठाचे कुलगुरू झाले. द्रौपदी मुर्मू या संथाळ समाजाच्या. ओडिशातील रायरंगपूरच्या श्रीअरविंद शिक्षणकेंद्रात त्यांनी शिक्षिकेचे काम केले होते. २०१५ ते २०२१ त्या झारखंडच्या राज्यपाल होत्या, म्हणजे रांची विद्यापीठासह तेथील राज्य विद्यापीठांच्या कुलपतीही. २०२२ पासून राष्ट्रपती या नात्याने केंद्रीय विद्यापीठांचे सर्वोच्च मानाचे स्थान त्यांच्याकडे आले. कॅनडातही असेच घडले. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर यांना २०२१ मध्ये क्वीन्स विद्यापीठाने कुलपती केले. ते शिक्षक नव्हते, विधिज्ञ होते. पण शाळेने केलेल्या जखमांचा हिशेब मांडणारा माणूस पदवीदानाच्या व्यासपीठावर बसला याला अर्थ आहे. पदवी घेणारी मुलगी व्यासपीठाकडे पाहते तेव्हा तेथे आपल्यासारखा चेहरा दिसणे, हाही एक धडाच असतो.

आजचा प्रश्न

पुंछी आयोगाने २०१० मध्ये राज्यपालांवर कुलपतीपदाचा भार टाकू नये असे सुचवले. केरळच्या विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये राज्यपालांऐवजी मान्यवर शिक्षणतज्ज्ञांना कुलपती करण्याचे विधेयक संमत केले. २०२४ मध्ये राष्ट्रपतींनी त्यास अनुमती नाकारली. पश्चिम बंगाल व पंजाबच्या विधानसभांनी हे पद मुख्यमंत्र्यांकडे देण्याची विधेयके संमत केली. धारवाडशेजारच्या गदग येथील ग्रामीण विकास व पंचायत राज विद्यापीठाबाबत कर्नाटक विधानसभेनेही डिसेंबर २०२४ मध्ये असेच विधेयक संमत केले. खासगी विद्यापीठांत तर कुलपती बहुधा संस्थापक संस्थेचा प्रमुख किंवा देणगीदार असतो. या साऱ्या वादात राज्यपाल, मुख्यमंत्री, संस्थाचालक अशी नावे येतात. केरळचा अपवाद वगळता शिक्षकाचे नाव कोणी घेत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ज्या विद्यापीठांना सनद नव्हती त्यांनीच आरंभी देशी शिक्षकाला कुलपती केले. सनदेची उणीव त्याच्या पतीने भरून काढली.

२. सरकारी मान्यता मिळताच ही खुर्ची राजभवनाकडे गेली. शिक्षक तेथे पोहोचला तो प्रथम राज्यपाल होऊन, आणि मग त्याच्यातील शिक्षकाला सवड उरली नाही.

३. शोभेचे पद निरर्थक नसते. ते कोणाला दिले यावरून संस्था कशाला मान देते ते समाजाला कळते.

अंजुमन असो, सोसायटी असो की विद्यापीठ, प्रत्येक शिक्षणसंस्थेत एक खुर्ची मानाची असते. वार्षिक समारंभात ती मध्यभागी मांडली जाते. तिच्यावर देणगीदार बसतो, मंत्री बसतो, क्वचित एखादा निवृत्त शिक्षकही बसतो. पीटरसनला मिळालेली खुर्ची भांडारकरांच्या स्मरणात राहिली असेल किंवा नसेल. पण हिंगण्याच्या मुलींना मिळालेला कुलपती हा शिक्षक होता, हे मराठी समाजाने विसरता कामा नये. सुभाष रोडच्या बाजारात कन्नड माणूस 'कुलपती' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे विद्यापीठात रोज काम करणारा माणूस असतो. शब्दाच्या मूळ अर्थाच्या तो मराठी वाचकापेक्षा अधिक जवळ आहे.